सर्व्हर चालू आहे, पण मेल पोचतोय का? मेल सर्व्हरवर आपोआप नजर ठेवण्याची व्यवस्था

सकाळचे साडेदहा वाजलेत. सर्व्हरचा सीपीयू ४ टक्क्यांवर आहे, डिस्क अर्धी रिकामी आहे, मेमरी मोकळी आहे, मेल आत येण्याचं दार, म्हणजे पोर्ट २५, उघडं आहे आणि क्यूमध्ये, म्हणजे मेलच्या रांगेत, एकही मेल अडकलेला नाही. डॅशबोर्डवर सगळं हिरवं. आणि पहाटे साडेतीनपासून बाहेरून एकही मेल आत आलेला नाही.

हे कसं होतं ते नीट बघण्यासारखं आहे. मेल नेणाऱ्या-आणणाऱ्या पोस्टफिक्सच्या मागे व्हायरस तपासायला क्लॅमएव्ही बसवलेला असतो. त्याच्या सिग्नेचरचा, म्हणजे व्हायरस ओळखण्याच्या खुणांचा, नवा संच उतरला की तो जुना संच वापरात ठेवूनच नवा मेमरीत भरतो, त्यामुळे तेवढा वेळ मेमरी जवळपास दुप्पट लागते. एकच संच १ जीबीच्या वर जातो. सर्व्हर २ जीबीचा असेल तर लिनक्सचा ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपल्यावर सर्वांत मोठ्या प्रोसेसला बंद पाडणारी यंत्रणा, नेमका क्लॅमएव्हीवर घाव घालतो. आता मेल तपासायला कुणी नाही. अशा वेळी काय करायचं याची मूळ सेटिंग, क्लॅमएव्हीच्या मिल्टरची (येणारा मेल तपासणीकडे नेणाऱ्या दुव्याची) आणि पोस्टफिक्सचीही, ‘नंतर या’ अशीच आहे. पाठवणाऱ्या सर्व्हरला ४५१ असं उत्तर जातं आणि तो मेल स्वतःकडे राखून ठेवतो. म्हणून आपली क्यू रिकामी: मेल अडकलेत, पण दुसऱ्यांच्या क्यूमध्ये. आणि मेमरी मोकळी, कारण ती वापरणारी प्रोसेसच आता उरलेली नाही.

मशीनवर नजर ठेवणं आणि मेलवर नजर ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. मेल पोचला का आणि किती वेळात पोचला, हे आधी मोजायचं. सीपीयू, डिस्क, क्यू हे आकडे ‘का पोचला नाही’ याचं उत्तर शोधताना उपयोगी पडतात. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो आणि म्हणूनच बिघाड आधी वापरणाऱ्याला कळतो, नंतर सांभाळणाऱ्याला.

इथे उदाहरणासाठी डेबियन किंवा उबुंटूवरची नेहमीची जोडी घेतली आहे: मेल नेण्या-आणण्यासाठी पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स दाखवण्यासाठी डव्हकॉट. आकडे गोळा करायला प्रोमिथियस. कॉलेज, पतसंस्था, छोटा कारखाना अशा ५० ते ३०० मेलबॉक्सच्या जागी ही मांडणी चांगली बसते.

खरा मेल पाठवून बघणं

दर ५ मिनिटांनी एक खरा मेल बाहेरून आपल्या सर्व्हरवर यावा आणि एक आपल्याकडून बाहेर जावा. प्रत्येकाच्या विषयात एक वेगळी खूण आणि पाठवल्याची वेळ. मग आयमॅपने (मेलबॉक्स वाचण्याच्या पद्धतीने) मेलबॉक्समध्ये लॉगिन करून ती खूण शोधायची, सापडली की किती सेकंद लागले ते नोंदवायचं आणि मेल पुसून टाकायचा. पायथनच्या एसएमटीपीलिब आणि आयमॅपलिब या सोबत येणाऱ्या लायब्ररींवर ही स्क्रिप्ट शंभरेक ओळींत होते, वेगळं काही बसवावं लागत नाही.

तपशिलात मात्र इथे बऱ्याच चुका होतात.

पहिली चूक म्हणजे चाचणीचा मेल त्याच सर्व्हरवरून सेंडमेल कमांडने पाठवणं. तसा मेल पोर्ट २५ वरून येतच नाही आणि त्याला वेगळे मिल्टर लागू होतात, त्यामुळे वर सांगितलेला बिघाड त्यात कधीच दिसणार नाही. मेल बाहेरूनच आला पाहिजे.

बाहेरून म्हणजे एखाद्या भाड्याच्या व्हीपीएसवरून, म्हणजे आभासी सर्व्हरवरून? बऱ्याच क्लाउड कंपन्या पोर्ट २५ वरून बाहेर जाणारं ट्रॅफिक मुळातच बंद ठेवतात. त्यापेक्षा एक साधं जीमेल खातं घ्या, त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, ॲप पासवर्ड काढा आणि पोर्ट ५८७ वरून जीमेलला मेल द्या. पुढे तो आपल्या पोर्ट २५ वर आणण्याचं काम गूगलचं. मोफत जीमेल खात्याला दिवसाला ५०० मेलची मर्यादा आहे. दर ५ मिनिटांनी एक म्हणजे दिवसाचे २८८, ते बसतात. दर २ मिनिटांनी केलं तर ७२० होतील आणि दुपारनंतर खातं अडेल.

पाठवणं आणि शोधणं एकाच मशीनवरून करा, नाहीतर दोन मशीनच्या घड्याळातला फरक मोजमापात मिसळतो आणि कधी कधी मेल ‘उणे ३ सेकंदांत’ पोचल्याची नोंद होते. ग्रेलिस्टिंग चालू असेल तर अनोळखी पत्त्यावरून आलेला पहिला मेल मुद्दाम थांबवला जातो (पोस्टग्रेमध्ये मूळ मुदत ३०० सेकंदांची आहे), ते लक्षात घेऊनच मर्यादा ठरवा. सुरुवातीला १० मिनिटांत न पोचलेला मेल ‘हरवला’ धरावा आणि लागोपाठ दोन हरवले तरच अलर्ट जावा. एखादा मेल वाटेत रेंगाळणं हे ई-मेलच्या स्वभावातच आहे.

जाणारा मेल कुठे पडला तेही बघा. जीमेलमध्ये तो इनबॉक्सऐवजी स्पॅममध्ये सापडला, तर पोचला असूनही तो अपयशच धरायचा. स्क्रिप्टने दोन्ही फोल्डर तपासावेत आणि कुठे सापडला हे वेगळं नोंदवावं.

क्यू काय सांगते

पोस्टफिक्सचा पहिला अवतार विट्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिला आणि तो १९९८ मध्ये खुला झाला. क्यूचे वेगवेगळे कप्पे हा त्याच्या रचनेचा गाभा आहे. ‘क्यूमध्ये ४०० मेल आहेत’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. कुठल्या कप्प्यात आहेत, हे महत्त्वाचं.

आलेला मेल आधी ‘इनकमिंग’मध्ये उतरतो. क्यू मॅनेजर तो ‘ॲक्टिव्ह’मध्ये घेतो आणि पोचवायचा प्रयत्न करतो. समोरचा सर्व्हर ‘आत्ता नाही’ म्हणाला की मेल ‘डिफर्ड’मध्ये जातो. यावरून दोष कुणाकडे आहे ते ठरतं. इनकमिंग वाढत असेल तर आपलंच मशीन दमलंय, बहुतेक वेळा डिस्क. ॲक्टिव्ह तुंबलं असेल तर एखादा मोठा समोरचा सर्व्हर संथ झालाय किंवा आपली डीएनएस सेवा (नावावरून पत्ता शोधून देणारी) उत्तर द्यायला वेळ लावतेय. एकटं डिफर्ड वाढत असेल तर समोरच्याने आपल्याला रोखलंय, किंवा आपल्याच एखाद्या खात्याचा पासवर्ड चोरीला जाऊन हजारो मेल सुटलेत आणि नाकारले जाताहेत.

मोजायला ‘पोस्टक्यू’ कमांडचा जेसन पर्याय, म्हणजे डॅश जे, वापरा. तो पोस्टफिक्स ३.१ पासून आहे. प्रत्येक मेलची एक ओळ मिळते, त्यात कप्प्याचं नाव, आल्याची वेळ आणि अडण्याचं कारण असतं. क्यूमध्ये पन्नास हजार मेल असले की हीच कमांड मंदावते, तेव्हा प्रत्येक कप्प्याच्या फोल्डरमधल्या फायली ‘फाइंड’ने मोजणं बरं. हाताने तपासताना ‘क्यूशेप डिफर्ड’ चालवा: डोमेननुसार ओळी आणि ५, १०, २०, ४० मिनिटं असे दुपटीने वाढणारे वयाचे रकाने दिसतात. एकाच डोमेनच्या ओळीत सगळा भार असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

डिफर्डमध्ये काही मेल कायमच असणार. कुणी पत्ता लिहिताना चूक करतो, कुणाचा मेलबॉक्स भरलेला असतो. म्हणून ‘५० च्या वर गेले की अलर्ट’ असा ठोकळा नियम नको. दोन आठवडे नुसतं बघा, आपला नेहमीचा आकडा ओळखा, मग ‘१५ मिनिटांत दुप्पट’ किंवा ‘ॲक्टिव्हमधला सर्वांत जुना मेल १० मिनिटांहून जुना’ असे नियम लावा. वय हे संख्येपेक्षा जास्त खरं बोलतं.

याच जोडीने एक सेटिंग आजच बदला. पोस्टफिक्स न गेलेल्या मेलचा ५ दिवस प्रयत्न करत राहतो आणि मगच पाठवणाऱ्याला ‘गेला नाही’ असं कळवतो. मधल्या काळात इशारा देणारी ‘डिले वॉर्निंग टाइम’ ही सेटिंग मूळ अवस्थेत ०, म्हणजे बंद, असते. निविदेची शेवटची तारीख सोमवारी आणि मेल गेला नाही हे शुक्रवारी कळलं, तर त्या माणसाचं नुकसान भरून येत नाही. ती ४ तासांवर ठेवा.

लॉगच्या एका ओळीतले चार आकडे

मेल पोचला की पोस्टफिक्स लॉगमध्ये एक ओळ लिहितो. तिचा शेवट साधारण असा असतो:

डिले=३४, डिलेज=०.१२/०.०१/३०/३.९, डीएसएन=२.०.०, स्टेटस=सेंट

एकूण ३४ सेकंद लागले. ते चार तुकड्यांत मांडलेत. पहिला आकडा मेल आपल्याकडे आल्यापासून शेवटच्या वेळी ॲक्टिव्हमध्ये शिरेपर्यंतचा, म्हणजे डिफर्डमध्ये पडून राहिलेला वेळही यातच येतो. दुसरा ॲक्टिव्हमध्ये पाळी येईपर्यंतचा. तिसरा समोरच्याशी जोडणी होईपर्यंतचा, त्यात डीएनएस आणि टीएलएस, म्हणजे जोडणी सुरक्षित करणं, दोन्ही आले. चौथा प्रत्यक्ष मेल देण्याचा.

या ओळीत डोळ्यांत भरतो तो तिसरा, नेमका ३० सेकंदांचा. पोस्टफिक्स एका पत्त्यावर जोडणीसाठी ३० सेकंद थांबतो आणि मग पुढचा पत्ता घेतो. म्हणजे पहिला पत्ता लागलाच नाही, दुसरा लगेच लागला. हे प्रत्येक मेलला होत असेल तर सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता आहे पण बाहेर जायचा रस्ता नाही, ही शक्यता सर्वांत आधी तपासा. मेल जातात, तक्रार कुणी करत नाही, आणि प्रत्येक मेलमागे अर्धा मिनिट वाया जातो. सरासरीत हे लपतं, म्हणून सरासरी न काढता ९५ टक्के मेल किती वेळाच्या आत गेले तो आकडा घ्या, आणि चारही तुकड्यांचा वेगवेगळा.

दुसरा तुकडा वाढला तर पोचवणाऱ्या प्रोसेस कमी पडताहेत. मूळ मर्यादा १०० प्रोसेसची आणि एका ठिकाणी एका वेळी २० जोडण्यांची. ती वाढवण्याआधी तिसरा-चौथा तुकडा बघा, कारण समोरचा संथ असताना जास्त जोडण्या उघडल्या तर तो आपल्याला स्पॅम पाठवणारा समजतो.

डीएसएन, म्हणजे मेलचं काय झालं ते सांगणारा कोड, तोही मोजत राहा. २ ने सुरू होणारा पोचलेला, ४ चा ‘नंतर’, ५ चा ‘नाहीच’. जीमेलकडून ४.७.२८ येऊ लागला तर आपल्याकडून नको असलेले मेल नेहमीपेक्षा जास्त वेगाने येत आहेत असं गूगलला दिसतंय. ५.७.२६ म्हणजे एसपीएफ किंवा डीकेआयएमची, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनचा आहे का याची, पडताळणी नापास. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि त्या दोन्हींवर आधारलेलं डीमार्क तिन्ही सक्तीचं केलंय आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलंय.

आणि लॉगमधून आणखी एक मोजणी: प्रत्येक लॉगिन नावाने तासाला किती मेल गेले. लेखा विभागातलं जे खातं दिवसाला ४० मेल पाठवतं, त्याने रात्री दोनला ३,००० पाठवले, तर पासवर्ड चोरीला गेलाय हे उघड आहे. हा अलर्ट झोपेतून उठवणाराच असावा, कारण एका रात्रीत आपला आयपी काळ्या यादीत जातो आणि तिथून बाहेर येईपर्यंत सगळ्या संस्थेचे मेल अडतात.

डिस्क, सर्टिफिकेट आणि काळी यादी

पोस्टफिक्स मेल डिस्कवर पक्का उतरवल्याशिवाय ‘मिळाला’ म्हणत नाही. म्हणून मेल सर्व्हरचा वेग सीपीयूपेक्षा डिस्कवर ठरतो. एका लेखनाला सरासरी किती मिलिसेकंद लागतात ते बघा. एसएसडीवर हा आकडा बराच वेळ ५० च्या वर राहिला तर काहीतरी बिनसलंय.

जागेचे दोन आकडे असतात. एक जीबीचा, दुसरा आयनोडचा, म्हणजे किती फायली मावतात त्याचा. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल ही एक वेगळी फाइल असते, त्यामुळे २०० जीबी शिल्लक असूनही ‘जागा नाही’ असं उत्तर येऊ शकतं. ‘डीएफ’ला डॅश आय लावून तो आकडा दिसतो. क्यूच्या विभाजनावर मेलच्या कमाल आकाराच्या दीडपट जागा उरली नाही की पोस्टफिक्स ४५२ देऊन मेल घेणं थांबवतो. तिथवर जाऊच द्यायचं नाही: प्रोमिथियसमधलं ‘प्रेडिक्ट लिनियर’ हे फंक्शन सध्याच्या वेगाने २४ तासांत डिस्क भरेल का ते सांगतं, अलर्ट त्यावर लावा.

सर्व्हरची ओळख पटवणारं लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते साधारण ३० दिवस उरले की नवं आणतो, पण डव्हकॉट रीलोड होईपर्यंत जुनंच दाखवत राहतो. डिस्कवरची फाइल नवी आणि लोकांच्या फोनवर ‘सर्टिफिकेट संपलं’, असा घोळ यातूनच होतो. म्हणून फाइलची तारीख न तपासता पोर्ट ९९३ आणि ५८७ वर प्रत्यक्ष जोडून तिथे दिसणारी तारीख तपासा. प्रोमिथियसचा ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर हे करतो. १४ दिवस उरले की अलर्ट. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपण्याची आठवण मेलने पाठवणं जून २०२५ मध्ये बंद केलं, तेव्हा त्यावर विसंबून असाल तर आता ते नाही.

काळी यादी तपासणं सोपं आहे. आपल्या आयपीचे चार आकडे उलटे लिहून पुढे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहॉसच्या झेन यादीचं नाव जोडायचं आणि डीएनएसला विचारायचं. नोंद नसेल तर ‘असं नाव नाही’ हे उत्तर येतं. खड्डा इथे आहे: गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारलं तर स्पॅमहॉस १२७.२५५.२५५.२५४ असं, ‘विचारण्यातच चूक आहे’ या अर्थाचं, उत्तर देतं. स्क्रिप्टने ‘उत्तर आलं म्हणजे यादीत आहे’ असं धरलं तर खोटा अलर्ट जातो. आणि हीच चूक पोस्टफिक्समध्ये असेल तर येणारे सगळेच मेल नाकारले जातात. सर्व्हरवर स्वतःचा अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर बसवा. १२७.०.०.२ हा पत्ता चाचणीसाठी कायम यादीत ठेवलेला असतो. स्क्रिप्टने आधी तो विचारावा आणि ‘आहे’ असं उत्तर आलं तरच पुढच्या उत्तरावर भरवसा ठेवावा.

जोडणी

प्रोमिथियस आणि त्याचे अलर्ट पाठवणारा अलर्टमॅनेजर दुसऱ्या मशीनवर ठेवा, दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये. एका सर्व्हरपुरतं १ जीबी मेमरीचं व्हीपीएस चालतं. मेल सर्व्हरवर मशीनचे आकडे प्रोमिथियसला देणारा नोड एक्स्पोर्टर बसवा. त्याचं पोर्ट ९१०० आणि मूळ अवस्थेत त्याला पासवर्ड नसतो, म्हणून फायरवॉलमध्ये फक्त त्या एका मशीनला मुभा द्या.

आपल्या स्क्रिप्टचे आकडे आत घ्यायला नोड एक्स्पोर्टरमध्ये टेक्स्टफाइलची सोय आहे. क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीने, दर मिनिटाला स्क्रिप्ट चालवा, तिने ‘नाव आकडा’ अशा ओळी एका तात्पुरत्या फायलीत लिहाव्यात आणि शेवटी नाव बदलून ती जागेवर ठेवावी. थेट लिहिलं तर अर्धवट फाइल वाचली जाते. आणि स्क्रिप्टच बंद पडली तर? शेवटची फाइल तशीच राहते, क्यू कायम १२ दाखवते, सगळे निश्चिंत. नोड एक्स्पोर्टर फायलीची वेळही देतो. ती ५ मिनिटांहून जुनी झाली की अलर्ट, हा नियम पहिल्याच दिवशी लिहा.

अकस्मात शांतता पकडायला ‘मागच्या आठवड्यात याच वेळी’शी तुलना करा: गेल्या अर्ध्या तासात आलेले मेल तेव्हाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी असतील तर अलर्ट. दिवाळीत किंवा अनंत चतुर्दशीला हा नियम खोटा वाजेल, त्या दिवसांसाठी अलर्टमॅनेजरमध्ये आधीच सायलेन्स लावून ठेवा.

अलर्ट त्याच मेल सर्व्हरवरून पाठवू नका. लिहिताना हे उघड वाटतं, तरी असंख्य ठिकाणी तेच केलेलं असतं, कारण मेलचा पर्याय आयता असतो. टेलिग्रामची सोय अलर्टमॅनेजरमध्ये आतच आहे. एसएमएस हवा असेल तर भारतात दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी व्यवस्थेत मजकुराचा साचा नोंदवावा लागतो, त्यात दिवस जातात. पहारा देणाऱ्यावरही पहारा हवा: प्रोमिथियसमध्ये कायम वाजणारा एक अलर्ट ठेवा, तो हेल्थचेक्ससारख्या बाहेरच्या सेवेला दर मिनिटाला हाक देईल आणि हाक थांबली की ती सेवा तुम्हाला कळवेल.

लॉग किती दिवस ठेवायचे, याचंही उत्तर ठरलेलं आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आहेत, घड्याळ एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायचं आहे आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची आहे. जुने लॉग काढून टाकणारा डेबियनचा लॉगरोटेट साधारण ४ आठवड्यांचेच लॉग ठेवतो. मेल लॉगसाठी तो २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस, करा.

सगळं बसल्यावर एका रविवारी सकाळी चाचणीचा मेल नुकताच पोचलाय असं बघून मिल्टरची सेवा स्वतः बंद करा. समजा ७ वाजले. ७:०५ चा मेल येणार नाही, ७:१० चाही नाही. दुसऱ्याची १० मिनिटं ७:२० ला भरतात, अलर्टमॅनेजर मूळ सेटिंगप्रमाणे आणखी ३० सेकंद थांबतो, म्हणजे साडेसात व्हायच्या आत फोन वाजला पाहिजे. वाजला नाही तर कुठली कडी तुटली ते तेव्हाच शोधा. मग मिल्टर चालू करा. पुढच्या अर्ध्या-एक तासात जीमेलने तोवर राखून ठेवलेले सगळे मेल येतील. स्क्रिप्ट त्यांना उशिरा आलेले म्हणून नोंदवून पुसते की नव्यात धरते, तेही बघून घ्या.